अनोळखी टीममध्ये एकट्याने उतरताना

गेल्या अंकात मी ऑनलाइन स्ट्रॅटेजी गेमबद्दल प्रश्न मागवले होते. कोणता हिरो घ्यावा, कोणती बिल्ड ऑर्डर शिकावी, असं काहीतरी येईल अशी माझी अटकळ होती. बहुतेक पत्रं निराळीच निघाली. एकट्याने रांगेत उभं राहायचं, मशीन ज्या अनोळखी लोकांबरोबर टाकेल त्यांच्याशी अर्धा-पाऊण तास जमवून घ्यायचं, आणि मॅच संपली की ते पुन्हा कधी भेटत नाहीत. या अर्ध्या-पाऊण तासात माणसांशी कसं वागावं, हेच जवळजवळ प्रत्येकाने विचारलं आहे. मला याचा मनापासून आनंद झाला, कारण मी स्वतः बहुतेक एकटीच खेळते आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. त्यातल्या सहा पत्रांना इथे उत्तरं देते.

ताई, मी एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये चार विरुद्ध चार खेळतो. परवा मी पॉकेटला होतो. तीन टाउन सेंटर टाकली, मस्त बूम केला. चाळिसाव्या मिनिटाला माझा स्कोअर आठही जणांत वरचा होता, तरी आम्ही हरलो. आमचा फ्लँकवाला तर आधीच रिझाइन करून गेला आणि जाताना लिहून गेला, "पॉकेट झोपला होता." माझं नक्की काय चुकलं?
— स्कोअरमध्ये पहिला

पंधराव्या ते विसाव्या मिनिटापर्यंत तुमची नजर मिनीमॅपच्या कोणत्या कोपऱ्यावर होती, ते आठवून बघा. बहुधा उत्तर तिथेच सापडेल.

हा खेळ न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. टाउन सेंटर म्हणजे गावाची मुख्य इमारत, तिथून व्हिलेजर म्हणजे कामकरी निघतात; बूम म्हणजे सैन्याआधी अर्थव्यवस्था वाढवणं; रिझाइन म्हणजे हार मानून मॅच सोडणं. एका बाजूचे चौघं साधारण एका ओळीत बसतात. ओळीच्या दोन टोकांना असतात ते फ्लँक, मधले दोघं पॉकेट. फ्लँकच्या अगदी समोर शत्रूचा फ्लँक असतो, म्हणून त्याला लवकर आर्चर, म्हणजे तिरंदाज, काढून भिडावं लागतं. पॉकेटपर्यंत सहसा लगेच कोणी पोचत नाही. तो निवांत शेती करतो, ८०० अन्न आणि २०० सोनं साठवून कॅसल एज या पुढच्या युगात जातो आणि नाइट, म्हणजे घोडेस्वार, काढतो.

आता हा निवांतपणा येतो कुठून? फ्लँक पुढे उभा राहून मार खातो म्हणून. ते बारा-पंधरा मिनिटं त्याने तुम्हाला उसने दिलेले असतात आणि ते नाइटच्या रूपात परत करायचे असतात. तुम्ही ते तिसऱ्या टाउन सेंटरमध्ये घातले.

मी हे सांगू शकते, कारण नेमकी हीच चूक मीही केली आहे. नकाशा अरेबिया, म्हणजे सगळा उघडा. मी निळी, पॉकेटला. माझ्या शेजारचा फ्लँक पिवळा. या खेळात आकडा टाइप केला की ठरलेला आवाज येतो: १ म्हणजे हो, २ म्हणजे नाही, ३ म्हणजे अन्न दे, ४ लाकूड, ५ सोनं, ६ दगड. पिवळ्याने तेराव्या मिनिटाला ४ पाठवला. मी वाचला आणि मनात म्हटलं, एवढी शेतं टाकून होऊ देत. त्याने परत ४ पाठवला. मग फ्लेअर टाकला, म्हणजे नकाशावर इशाऱ्याची खूण केली. मी कॅमेरा तिकडे नेला तेव्हा त्याच्या लाकडाच्या जागेवर दोन रंगांचे आर्चर उभे होते, घंटा वाजवून त्याने सगळे व्हिलेजर टाउन सेंटरमध्ये कोंबले होते आणि बाहेर शेतावर एकही माणूस नव्हता. तो एकटा दोघांना तोंड देत होता आणि माझ्या गोदामात त्या वेळी चारशेच्या वर लाकूड नुसतं पडून होतं. एकोणिसाव्या मिनिटाला तो गेला. मग ते दोघं माझ्याकडे वळले. माझ्याकडे तीन टाउन सेंटर आणि चार नाइट. तो वारंवार येणारा ४ चा आवाज मला अजून आठवतो.

त्या मॅचनंतर मी पॉकेटला असले की तीन गोष्टी करते. पहिल्याच मिनिटाला फ्लँकला लिहिते, "अठराव्या मिनिटाला नाइट घेऊन तुझ्याकडे येते." आकड्यासकट. त्याला कळतं की किती वेळ तग धरायचा आहे आणि तो त्या हिशोबाने भिंती घालतो. उशीर होणार असेल तर तेही कळवते, कारण खोट्या भरवशावर तो पुढे गेला तर जास्त मरेल. दुसरं, १७५ लाकडाचा बाजार जरा लवकर बांधते. बाजाराशिवाय मित्राला काही पाठवता येत नाही. पाठवलेल्यावर सुरुवातीला ३० टक्के कर लागतो; बाजारात कॉइनेजचं संशोधन केलं की २० टक्के होतो आणि बँकिंग केलं की पूर्ण जातो. सुरुवातीला तो कर पाहून हात आखडतो, पण शंभर लाकूड म्हणजे चार आर्चरना लागणारं लाकूड, आणि चौदाव्या मिनिटाला फ्लँककडचे चार आर्चर हे तिसाव्या मिनिटाच्या माझ्या चाळीस शेतांपेक्षा मोलाचे. तिसरं, पहिले दोन नाइट निघाले की लगेच त्याच्याकडे धाडते. दहा जमेपर्यंत थांबत नाही. लाकडाच्या जागेवरून शत्रूचे आर्चर मागे हटले तरी व्हिलेजर कामाला लागतात.

राहिला स्कोअर. सैन्य, अर्थव्यवस्था, तंत्रज्ञान आणि समाज अशा चार खात्यांची ती बेरीज आहे. तुम्ही किती उभं केलंत ते ती सांगते, कोणासाठी ते सांगत नाही. तुमची रँक ज्या पद्धतीने ठरते ती मुळात बुद्धिबळासाठी काढलेली. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांची ही पद्धत. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने ती १९७० मध्ये स्वीकारली. तिला फक्त निकाल कळतो. बुद्धिबळात पटासमोर एकच माणूस असतो, त्यामुळे निकाल त्याचाच. इथे तो चौघांचा. फ्लँकला वाचवण्यात गेलेले तुमचे नाइट स्कोअरबोर्डवर कमी दिसतील, रँकमध्ये मात्र पुरेपूर धरले जातील.

त्याने जाताना जे लिहिलं ते लिहायला नको होतं. पण तो चिडला का, ते मला समजतं.

ताई, डोटा २ मध्ये मी पाच नंबरचा सपोर्ट खेळतो. मला आवडतं. पण कॅरी एकदा मेला की तिसऱ्या मिनिटालाच चॅटमध्ये शिव्या सुरू होतात. मी समजावायला जातो, मग वाद वाढतो, आणि तिकडे मॅच हातची जाते. गप्प बसणं म्हणजे ऐकून घेणं नाही का?
— पाच नंबर

नाही. (न खेळणाऱ्यांसाठी: इथे पाच-पाच जणांच्या दोन टीम असतात आणि प्रत्येकजण एक हिरो चालवतो. कॅरी म्हणजे पुढे जाऊन सर्वांत ताकदवान होणारा, सपोर्ट म्हणजे तोवर त्याला जपणारा.) तुम्ही टाइप करता तेव्हा तुमचा हिरो झाडाखाली उभा असतो. तेवढ्या वेळात कॅरी एकटा पडतो, पुन्हा मरतो, आणि पुढची शिवी त्यालाच खरी वाटायला लागते. म्हणून पहिल्या शिवीला म्यूट करा. "तुला म्यूट केलं" असं जाहीर करू नका, तोही वादच आहे. मॅच संपल्यावर रिपोर्ट करायचा असेल तर करा, पण मॅच चालू असताना "रिपोर्ट करतो" ही धमकी देऊ नका. एक बारकावा सांगते: लीग ऑफ लेजंड्स या तशाच खेळात चॅट आणि पिंग (नकाशावर टाकायची इशाऱ्याची खूण) वेगवेगळे बंद करता येतात. तिथे मी शिव्या देणाऱ्याचं चॅट बंद करते, पिंग ठेवते. तोंडाने वाईट असलेला माणूसही शत्रू कुठे आहे ते बरोबर दाखवत असतो, आणि ते मला हवं असतं.

आता गप्प बसण्याबद्दल. शिव्यांना उत्तर न देणं वेगळं आणि टीमशी न बोलणं वेगळं. सपोर्टने सर्वांत जास्त बोललं पाहिजे, फक्त काय बोलायचं ते निवडून. मी एक साधी खूण ठेवली आहे. वाक्य भूतकाळात जायला लागलं की ते पाठवायचं नाही. "का गेलास तिकडे?", "वॉर्ड का नव्हता?", "सांगितलं होतं ना!" या सगळ्या वाक्यांतली वेळ निघून गेलेली असते, त्यावर कोणालाच काही करता येत नाही. "रोशनजवळ वॉर्ड ठेवतोय", "मिड दिसत नाही, मागे या", "माझा स्टन वीस सेकंदांत येईल, तेव्हा जाऊ" ही वाक्यं पुढची आहेत. (वॉर्ड म्हणजे नकाशाचा एक भाग टीमला दिसत ठेवणारी वस्तू, रोशन म्हणजे नकाशावरचा मोठा राक्षस, मिड म्हणजे मधल्या वाटेचा खेळाडू, स्टन म्हणजे शत्रूला क्षणभर थिजवणारा वार.) ती ऐकून चौघांपैकी एक जरी हलला तरी काम झालं.

ऑब्झर्व्हर वॉर्ड सहा मिनिटं टिकतो. तो नुसता ठेवून भागत नाही, ठेवल्याचं सांगावं लागतं, नाहीतर कॅरी त्या उजेडाचा उपयोग न करता दुसऱ्याच कोपऱ्यात शेती करत राहतो. मी ठेवला की तिथे एक पिंग करते, एकच. एक पिंग म्हणजे निरोप. त्याच जागी पाच-सहा वेळा टकटक केलं की ती शिवी होते, आणि शिवी देणाऱ्याला आपण काय करतो ते वर लिहिलंच आहे. ग्लिफचंही तसंच. इमारती थोडा वेळ अभेद्य करणारा तो ग्लिफ पाचही जणांत मिळून एकच असतो आणि एकदा वापरला की पाच मिनिटं परत येत नाही. दाबण्याआधी नाही जमलं तर दाबल्यावर तरी दोन शब्दांत सांगा.

आणि कौतुक. ते करताना नेमकं करा. "छान" या शब्दाने कोणाला काही कळत नाही. "तो स्टन वेळेवर बसला, वाचलो" असं लिहिलंत तर समोरच्याला कळतं की कोणीतरी आपला खेळ बघतंय. शिव्या देणाऱ्या कॅरीलाही, म्यूट करायच्या आधी, मी हे एकदा करून बघते. काही वेळा तेवढ्याने त्याचा सूर बदलतो. नेहमी नाही.

ताई, मी सोळा वर्षांचा आहे, नुकताच खेळायला लागलोय. "मी नवीन आहे" हे टीमला सांगावं की लपवावं? सांगितलं तर सगळे मलाच दोष देतील अशी भीती वाटते.
— नवा खेळाडू

सांग. पण नुसतं "मी नवीन आहे" म्हणालास तर ते आधीच मागितलेल्या माफीसारखं वाटतं आणि ऐकणाऱ्याला त्याचं काय करायचं ते कळत नाही. त्याच्या जोडीला एक विनंती ठेव: "हा हिरो तिसऱ्यांदा खेळतोय. कधी भिडायचं ते मला सांगा, मी मागून येतो." माणसाला काहीतरी काम दिलं की तो बहुतेक वेळा करतो, आणि तुला सांगता सांगता त्याचंही लक्ष खेळावर राहतं. दोष देणारे तरीही भेटतील. ते तू लपवलं असतंस तरी भेटलेच असते.

एक अट मात्र पाळ. हिरोच्या चार बटणांपैकी कोणतं काय करतं हे बॉट्सविरुद्धच्या मॅचमध्ये आधी शिकून घे. तेवढी तयारी करून येणं ही इतर चौघांच्या वेळेची कदर आहे. आणि चुकलास तर "माझी चूक" एवढे दोन शब्द एकदाच लिही. दर वेळी लांबलचक माफी मागणाऱ्याकडे बघत बसावं लागतं, आणि मॅचमध्ये तेवढा वेळ कोणाकडेच नसतो.

लीग ऑफ लेजंड्समध्ये माझी टीम सारखी सरेंडरचं मत टाकते. मी दर वेळी "नाही" म्हणते, मग सगळे माझ्यावर चिडतात. मी चूक करतेय का?
— शेवटपर्यंत खेळणारी

पंधराव्या मिनिटाला सरेंडर व्हायला सगळ्यांचं एकमत लागतं. विसाव्या मिनिटानंतर पाचांतले चार पुरतात. म्हणजे त्या मधल्या पाच मिनिटांत तुमचं एक "नाही" चौघांना बसवून ठेवतं. तो तुमचा हक्क आहे, आणि तुम्ही तो वापरावा असंच मला वाटतं. पण मग त्या चौघांना काहीतरी द्यायला हवं. "नाही" दाबलंत की लगेच लिहा, कशासाठी: "पुढच्या ड्रॅगनपर्यंत खेळू, आपल्या मिडला तोवर दुसरी वस्तू मिळेल. तो गेला तर मीही हो म्हणेन." मर्यादा ठरलेली असली की लोक पाच मिनिटं नेटाने खेळतात. आणि ड्रॅगन (मारणाऱ्या टीमला बळ देणारा प्राणी) शत्रूकडे गेला तर शब्द पाळा. योजना काहीच नसेल, फक्त हार मानवत नसेल, तर "हो" म्हणा आणि पुढच्या मॅचला जा.

ताई, घरी सहा महिन्यांचं बाळ आहे. ते झोपलं की मी डोटा खेळते, पण कधी मध्येच उठतं. मॅच सोडून जावं लागलं की फार अपराधी वाटतं. मी खेळणंच सोडून द्यावं का?
— बाळाची आई

बाळ रडलं की उठायचं, यात विचार करण्यासारखं काहीच नाही आणि कोणत्याही टीमला त्यावर बोलायचा अधिकार नाही. तुमचा अपराधीपणा तुम्ही चांगली टीममेट आहात म्हणून येतोय, एवढंच मी म्हणेन.

व्यवहाराचं सांगते. डोटा २ मध्ये मॅच थांबवता येते. थांबवा आणि कारण लिहा: "बाळ उठलंय, दोन मिनिटं." कारण लिहिलं की दोन्ही बाजूंचे लोक थांबतात हा माझा अनुभव आहे, न लिहिता थांबवलं की लगेच कोणीतरी सुरू करतं. मॅचमधून पाच मिनिटं बाहेर राहिलात तर ती सोडल्यात जमा होते आणि त्याची शिक्षा लागते. तेव्हा परत येणं जमणार नसेल तर जाताना तसं स्पष्ट लिहून जा. तुमच्या हिरोला टीमचे लोक चालवू शकतात, पण तुम्ही येणार नाही हे त्यांना कळलं तरच ते हात घालतात. आणि सध्या काही महिने एकास-एक खेळून बघाल का? एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये एकास-एक मॅचमध्ये रिझाइन केलं तर फक्त तुमचे गुण जातात, मागे कोणी अडकून पडत नाही. बाळ सलग झोपायला लागलं की टीम आहेच.

ताई, मी फ्लँकला खेळते. दोघं मिळून माझं गाव जाळतात तेव्हा मी रिझाइन करून मोकळी होते. माझ्याकडे काहीच उरलेलं नसताना बसून काय करू? उगाच बघत बसायचं का?
— जळालेलं गाव

या पत्रासाठी मी जागा राखून ठेवली होती. पहिल्या पत्रातल्या फ्लँकने जे केलं तेच तुम्ही करता, आणि त्याचं दुःख मला कळत असूनही मी तुम्हाला थांबा म्हणणार आहे.

गाव जळतंय हे आधी मान्य करा, आणि लवकर करा. शेवटचा व्हिलेजर मरेपर्यंत टाउन सेंटर लढवत बसू नका. सहा-आठ व्हिलेजर उचला आणि पॉकेटच्या मागे, नकाशाच्या कडेला पळवा. मित्राची दारं तुमच्यासाठी उघडतात. पळताना लिहा: "गाव गेलं. आठ व्हिलेजर तुझ्या मागे आणते. संपलेली नाही." हे वाक्य फार महत्त्वाचं आहे, कारण तुमच्या टीमने तुमचा हिशोब तोवर सोडून दिलेला असतो. मग ४ आणि ६ पाठवा, लाकूड आणि दगड. टाउन सेंटरला २७५ लाकूड आणि १०० दगड लागतात, ते तिघांनी मिळून सहज देता येतात.

आता तुमचं काम बदललं. तुम्ही लढणाऱ्या नाही, व्यापारी आहात. चार विरुद्ध चारच्या मॅचमध्ये जमिनीतलं सोनं एका टप्प्यावर संपतंच आणि नाइटला ७५ सोनं लागतं. सोनं संपल्यावर ज्या टीमच्या ट्रेड कार्ट धावत असतात तिचे घोडे निघत राहतात. एक गाडी १०० लाकूड आणि ५० सोन्याची. ती दुसऱ्याच्या बाजारापर्यंत जाऊन येते आणि अंतर जितकं जास्त तितकं एका खेपेचं सोनं जास्त, म्हणून तुमचा बाजार एका कडेला आणि मित्राचा पार दुसऱ्या टोकाला हवा. लढणाऱ्या तिघांना हे जुळवायला डोळे नसतात. तुम्हाला आता दुसरं कामच नाही.

मागच्या महिन्यात मी लाल होते, फ्लँकला. बावीस मिनिटांत माझं सगळं गेलं. सात व्हिलेजर निघाले, वाटेत दोन मेले, पाच पोचले. हिरव्याने दगड पाठवला, न मागता. तासाभराने माझ्याकडे एकही सैनिक नव्हता आणि नकाशाच्या वरच्या कडेने माझ्या तीस गाड्या ये-जा करत होत्या. हिरव्याचं सोनं शून्यावर आलं तेव्हा त्याने ५ पाठवला. मी ८०० दिलं. लगेच पुन्हा ५. पुन्हा ८०० दिलं. मिनिटभराने त्याच्या तबेल्यांतून घोडे एकामागून एक बाहेर पडताना दिसले, माझ्या जुन्या गावाच्या दिशेने.